गडग्यातला विंचू, पेशीतली पाणंद

मे महिना, साल १९७६. मुंबईहून गोव्याकडे निघालेली एसटी तुम्हाला हातखंब्याच्या तिठ्यावर उतरवते आणि धूळ उडवत पालीच्या दिशेने निघून जाते. उजव्या हाताला रत्नागिरीचा फाटा. दिवसभर तापलेला कातळ संध्याकाळ झाली तरी पायाला चटके देतोय. रस्ता सोडून तुम्ही वाडीकडे जाणारी पाणंद धरता. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मधली वाट एका माणसापुरती.

पावसाआधीची कामं उरकायची घाई आहे. ढासळलेला गडगा रचायला कुणीतरी खालचा चिरा उचलतो आणि हात झटकतो. चिऱ्याच्या ओल्या पाठीवर बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठा, तांबूस रंगाचा विंचू नांगी वर करून थांबलेला तुम्हाला दिसतो.

"इंगळी परवडली असती, वैनी," शेजारचे आजोबा म्हणतात. "हा तांबडा."

आजोबांना जे माहीत आहे ते कोकणात पिढ्यान्पिढ्या माहीत होतं. मोठी काळी इंगळी पाहून माणूस घाबरतो, पण जीव घेतो तो हा छोटा लाल विंचू. तासाभरात त्या माणसाला दरदरून घाम फुटतो. उलट्या होतात. हातपाय बर्फासारखे गार पडतात, छाती धडधडते. विंचू उतरवणारा येतो, मंत्र म्हणतो, वेदना जरा कमी झाल्यासारखी वाटते आणि घरातले सुस्कारा सोडतात. त्यानंतर खोकला सुरू होतो आणि तोंडातून गुलाबी फेस येऊ लागतो. फुप्फुसात पाणी भरलं आहे. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, औषधाचं नाव तुमच्या ओठांवर आहे. पण या प्रवासात बघता येतं, बोलता येत नाही.

तुम्ही महामार्गाने उत्तरेला निघा. संगमेश्वर, चिपळूण, खेड, मग कशेडी घाट, पोलादपूर आणि महाड. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात याच वर्षी एक तरुण डॉक्टर रुजू झाले आहेत, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे हिंमतराव बावस्कर. विंचू चावलेला रुग्ण आला की ते खाटेजवळ बसतात आणि लिहीत राहतात: घाम कधी सुटला, नाडी किती, रक्तदाब किती, हात गार कधी झाले. १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांची निरीक्षणं छापून येतील. रक्तवाहिन्या आवळणारे अल्फा संवेदक विषामुळे बेभान उत्तेजित होतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसं भरतात, असा त्यांचा तर्क. मग ते संवेदकच अडवणारं औषध द्यावं. असं औषध बाजारात होतं, रक्तदाबावरचं प्राझोसिन. १९८६ साली तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. गंभीर रुग्णांपैकी पूर्वी शंभरात पंचवीस-तीस दगावत; प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं.

खाटेवरचं निरीक्षण आणि संवेदकांचा सिद्धांत या गोष्टी महाडला एकाच माणसाच्या डोक्यात भेटल्या. पण विषाचा तो चिमुकला रेणू शरीरातल्या नेमक्या कशाला जाऊन चिकटतो? त्याचा आकार कसा, तो जिथे बसतो त्या जागेचा आकार कसा? एवढा प्रश्न एका माणसाला उरकण्यासारखा नव्हता. त्याला मोजणारे लागले, गणित करणारे लागले आणि दोघांना एकमेकांची भाषा शिकावी लागली. ते पाहायला तुम्हाला कोकणाबाहेर जावं लागेल आणि थोडं मागेही.

१९५५. इंग्लंड. प्रयोगशाळेतल्या टेबलावर एक चेतातंतू आहे आणि तो कुणाचा हे कळल्यावर तुम्हाला रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याचा मासळीबाजार आठवेल: माकूल. या प्राण्याचा चेतातंतू इतका जाड असतो की तो हाताळता येतो. ॲलन हॉजकिन आणि रिचर्ड कीन्स किरणोत्सारी पोटॅशियम वापरून मोजतायत की किती पोटॅशियम आत जातं आणि किती बाहेर येतं. उसिंग या डॅनिश शास्त्रज्ञाने १९४९ साली मांडलेलं एक सूत्र त्यांच्यासमोर आहे. आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, एकमेकांच्या वाटेला न जाता सुटेसुटे जात असतील, तर आत-बाहेरच्या प्रवाहांचं गुणोत्तर अमुक असायला हवं. मोजलेला आकडा मात्र सूत्रात बसत नाही. त्या गुणोत्तराला जणू अडीचचा घात चढलेला आहे.

आकडा बसत नाही म्हटल्यावर बरेच जण उपकरणाला दोष देतात. या दोघांनी काय केलं ते जवळ जाऊन बघा. त्यांनी पोलादी गोळ्यांचं एक खेळणं बनवलं आहे. दोन उथळ कप्पे, मध्ये अरुंद फट, सगळं हलवणारी मोटर. मोटर सुरू होते, गोळ्या खडखडतात, फटीतून इकडच्या तिकडे जातात. फट आखूड असली की सूत्र जवळपास पाळलं जातं. फट लांब केली की गोळ्या तिच्यात एकामागे एक अडकतात. पलीकडून एक गोळी आत घुसली, तर सगळी रांग सरकते आणि अलीकडची गोळी बाहेर पडते. ज्या बाजूला गोळ्या कमी, तिथली गोळी उलट दिशेने सहज पार होऊच शकत नाही. चेतातंतूत दिसला तोच बिघाड इथे डोळ्यांसमोर होतोय.

आता मघाची पाणंद आठवा. दोन गडग्यांमध्ये एका माणसापुरती वाट, आत दोन-तीन माणसं ओळीने उभी, मागच्याने ढकललं तरच पुढचा बाहेर. पेशीच्या पटलात पोटॅशियमची अशी वाट असावी, असं हॉजकिन आणि कीन्स म्हणाले. त्यांनी ती पाहिली नव्हती. पुढची ४३ वर्षं कुणीच पाहिली नाही.

मधल्या काळात एक कोडं सगळ्यांना छळत होतं. पोटॅशियमच्या आयनाची त्रिज्या १.३३ अँगस्ट्रॉम, सोडियमची ०.९५. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. मोठा पोटॅशियम या वाटेने सेकंदाला दहा कोटींच्या गतीने जातो आणि लहान सोडियम अडतो. दहा हजार पोटॅशियममागे जेमतेम एक सोडियम. बेझानिया आणि आर्मस्ट्राँग यांनी १९७२ मध्ये उत्तर सुचवलं. पाण्यात आयनाभोवती पाण्यातल्या ऑक्सिजनचं कडं असतं. वाटेच्या भिंतीतले ऑक्सिजन पोटॅशियमला तंतोतंत तसंच कडं देत असतील, तर पाणी सोडून आत शिरताना त्याला काही गमवावं लागत नाही. सोडियम लहान, त्याला सगळे ऑक्सिजन एकाच वेळी पोचत नाहीत, म्हणून तो पाणी सोडायला तयार होत नाही. सुंदर कल्पना होती. खरी की खोटी, हे मात्र वाट बघितल्याशिवाय कळणार नव्हतं.

तिचं तोंड चाचपायला विंचू उपयोगी पडला.

१९८८. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठातल्या ख्रिस मिलर यांच्या प्रयोगशाळेत या. समोर रॉडरिक मॅकिनन नावाचा तरुण बसला आहे, शिक्षणाने डॉक्टर. त्याच्याकडे पश्चिम आशियातल्या एका वाळवंटी विंचवाच्या विषातलं चॅरिब्डोटॉक्सिन आहे. कृत्रिम पटलात एकच आयनमार्ग बसवलेला, त्यातून वाहणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह कागदावर रेघ काढतोय. विष बाहेरच्या बाजूने टाकलं की रेघ सपाट होते, वाट बुजते. काही वेळाने विष सुटतं, रेघ पुन्हा नाचू लागते. आता तो आतल्या बाजूला पोटॅशियम वाढवतो आणि विष लवकर सुटू लागतं. आतून आलेला पोटॅशियम वाटेच्या तोंडावरचं बूच ढकलून देतोय! पोलादी गोळ्यांची रांग ३३ वर्षांनी विंचवाच्या विषाने पुन्हा दाखवली.

इथून आपल्या लाल विंचवाची पाळी. १९९० मध्ये न्यू जर्सीतल्या राहवे इथे मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याच्या विषातून ३७ अमिनो आम्लांचं एक प्रथिन वेगळं करण्यात आलं, आयबेरिओटॉक्सिन. या विषात अनेक लहान प्रथिनं असतात. माणसाचा जीव घेण्याचं काम मुख्यतः सोडियमच्या वाटा बंद होऊ न देणाऱ्या प्रथिनांचं. आयबेरिओटॉक्सिन त्यांच्यातलं नव्हे. पण पोटॅशियमची मोठ्या क्षमतेची एक विशिष्ट वाट ते नेमकी बुजवतं, तेवढीच. चॅरिब्डोटॉक्सिन इतरही वाटा अडवतं, हे अडवत नाही. त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांत, स्नायू आणि मेंदूच्या पेशींत ही वाट काय काम करते हे शोधायला आयबेरिओटॉक्सिन रोजच्या वापरातलं हत्यार झालं. कोकणातल्या किती शाळांतून हे सांगितलं जातं? गडग्यातल्या या जिवाविषयी आपण आपल्या मुलांना भीती शिकवतो. जागतिक जीवशास्त्रातलं त्याचं स्थानही शिकवायला हवं.

१९९२ मध्ये एनएमआर तंत्राने या प्रथिनाचा आकार कळला. एक छोटं सर्पिल, त्याला टेकलेली तीन पट्ट्यांची चटई आणि सगळं घट्ट बांधणारे गंधकाचे तीन टाके. असा आकार ठरवताना साखळीचे कोन शक्य आहेत का, हे तपासायला जगभर वापरला जाणारा नकाशा मद्रासला १९६३ साली जी. एन. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी केलेल्या गणितातून आलेला आहे.

१९९५. मॅकिनन आता हार्वर्डमध्ये. इथे जरा रेंगाळा, कारण मला या सगळ्या प्रवासातली सर्वांत हुशार युक्ती हीच वाटते. विषाचा आकार माहीत आहे, वाटेचा माहीत नाही. मग विषातलं एक अमिनो आम्ल बदलायचं आणि चिकटण्याची ताकद किती घटली ते मोजायचं. वाटेतलं एक बदलायचं, मोजायचं. नंतर दोन्ही एकदम बदलायची. दोन्ही बदलांचे परिणाम नुसते एकमेकांत मिळवल्यासारखे आले, तर ती दोन ठिकाणं एकमेकांपासून दूर. बेरीज चुकली, तर ती एकमेकांना भिडलेली आहेत. मोजमाप प्रयोगशाळेतलं, पण बेरीज चुकण्याचा अर्थ ऊष्मागतिकीच्या गणितातून येतो. एक बाजू काढून घेतली तर दुसरी मुकी. अशा जोड्या जमवत जमवत न पाहिलेल्या तोंडाची रुंदी आणि उतार कागदावर उमटला. विंचवाचं विष मोजपट्टी झालं होतं.

१९९८. जानेवारीच्या २६ तारखेला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'सायन्स'च्या अंकात पोटॅशियमची वाट जगाने पहिल्यांदा पाहिली. मॅकिनन रॉकफेलर विद्यापीठात गेले होते, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर क्ष-किरण स्फटिकशास्त्र नव्याने शिकले होते. मातीतल्या एका जिवाणूचं प्रथिन घेऊन त्याचे स्फटिक बनवले आणि कॉर्नेलच्या सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरण सोडले. नकाशात दिसलं ते असं: चार सारखे भाग एकत्र येऊन बनलेली वाट, तिचा सर्वांत अरुंद टप्पा १२ अँगस्ट्रॉमचा, भिंतीवर ऑक्सिजनची कडी आणि आत दोन पोटॅशियम एकमेकांपासून सुमारे साडेसात अँगस्ट्रॉमवर, ओळीने. १९५५ ची रांग आणि १९७२ ची कडी, दोन्ही खरी ठरली.

त्याच अंकात दुसरा लेख आहे. त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही, तुम्ही बघा. जिवाणूची वाट प्राण्यांच्या वाटेसारखीच आहे याची खात्री काय? मॅकिनन यांच्या चमूने जिवाणूच्या प्रथिनातली काही अमिनो आम्लं बदलून त्याचं तोंड प्राण्यांच्या वाटेसारखं केलं, ते मण्यांवर चिकटवलं आणि त्यावरून विंचवाचं विष ओतलं. विषातल्या असंख्य घटकांमधून वाट बुजवणारी प्रथिनं तेवढी मण्यांना चिकटून राहिली. साक्ष विंचवाने दिली.

चित्र हाती आलं की काम संपलं, असं बाहेरच्यांना वाटतं. स्फटिकातलं चित्र थिजलेलं असतं. वाट सेकंदाला दहा कोटींचा प्रवास घडवते. ही हालचाल दाखवायला संगणकावर एकेका अणूवरची बलं मोजणारे लोक लागतात. मॉन्ट्रिअलचे बेन्वा रू हे त्यांपैकी. १९९९ मध्ये रू आणि मॅकिनन यांनी दोघांच्या नावाने लेख लिहिला. पटलाच्या मधोमध, जिथे तेलकट परिसरात भारित आयनाला थांबणं महाग पडावं, तिथल्या पाण्याने भरलेल्या पोकळीत तो स्थिर कसा राहतो, याचा हिशेब त्यात आहे. पोकळी स्फटिकाने दाखवली, ती तिथे का आहे हे गणिताने.

१ नोव्हेंबर २००१. ग्रंथालयात 'नेचर'चा नवा अंक आला आहे, उघडा. मॅकिनन यांच्या चमूचे दोन लेख; क्ष-किरण चित्र आता २ अँगस्ट्रॉमपर्यंत स्वच्छ झालेलं, प्रत्येक आयनाभोवतीचे आठ ऑक्सिजन मोजता येतात. पुढे काही पानांवर सिमों बेर्नेश आणि रू यांचा निखळ संगणकी लेख. आयन एका जागेवरून दुसरीकडे सरकताना वाटेत किती चढ लागतो, हे त्यांनी मोजलं आहे: जास्तीत जास्त २ ते ३ किलोकॅलरी प्रतिमोल. म्हणजे चढ जवळपास नाहीच. वाटेत कधी दोन आयन, कधी तीन. तिसरा आत शिरला की शेवटचा बाहेर. आणि सारांशातच ते लिहितात की हे हॉजकिन आणि कीन्स यांनी १९५५ मध्ये सुचवलेल्या ढकलाढकलीची आठवण करून देतं. एकाच अंकात दोन्ही टोकांहून निघालेले लोक एका जागी येऊन भेटलेले. विज्ञानात हे क्वचित घडतं, आणि या विषयात ते आपोआप घडलं नाही. वर्षानुवर्षं एकमेकांचे मसुदे वाचून, एकमेकांच्या आकड्यांवर अडून बसून घडलं.

२००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मॅकिनन यांना पीटर ॲग्रे यांच्यासोबत मिळालं. त्यांचं श्रेय वादातीत. तरी ही गोष्ट एका माणसाने स्फटिक बनवल्याची म्हणून सांगितली जाते, तेव्हा ती निम्मीच सांगितली जाते. माकुलाच्या चेतातंतूतल्या त्या न जुळणाऱ्या आकड्याशिवाय स्फटिकात काय शोधायचं हेच ठरलं नसतं.

२०१३ मध्ये विष आणि वाट एकत्र असलेला स्फटिक मिळाला. चॅरिब्डोटॉक्सिन वाटेच्या तोंडावर बसलेलं, त्यातल्या २७ व्या जागेवरच्या लायसिनची लांब भारित शेपटी थेट वाटेत शिरलेली आणि तिने सर्वांत बाहेरचा पोटॅशियम हुसकावलेला. आतून येणारा पोटॅशियम ज्याला ढकलत होता, तो हाच. १९८८ च्या नाचऱ्या रेघेचा अर्थ पंचवीस वर्षांनी डोळ्यांना दिसला.

याच सुमारास महाडलाही एक फेरी मारा. २०११ साली बावस्करांची चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. लाल विंचू चावलेले ७० रुग्ण, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिनसोबत प्रतिविष. दहा तासांनी पूर्ण बरे झालेले प्रतिविषाच्या गटात ३५ पैकी ३२, दुसऱ्या गटात ३५ पैकी ८. आज हातखंब्यात कुणाला लाल विंचू चावला, तर मंत्राला एक मिनिटही देऊ नका. घाम, उलटी, गार पडलेले हातपाय दिसताच थेट आरोग्य केंद्र गाठा.

आता वर्तमानात या. प्रश्न संपलेला नाही. २०१४ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या चमूने संगणकावर दाखवलं की पोटॅशियम आयन एकमेकांना थेट खेटून पुढे जातात, मध्ये पाण्याचा रेणू नसतो. त्या चमूत गणित करणारे होते आणि जुनी क्ष-किरण मोजमापं नव्याने तपासणारे स्फटिकशास्त्रज्ञही. २०१६ मध्ये अवरक्त किरणांच्या प्रयोगाने उलट सांगितलं, आयनांमध्ये पाणी असतं. त्या लेखातही प्रयोगकर्त्यांच्या शेजारी रू यांचं नाव आहे. दोन्ही बाजूंना आकडे आहेत, दोन्ही बाजूंना प्रयोग आहेत, आणि भांडण चांगलं चाललं आहे.

रत्नागिरी, लांजा, चिपळूणच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. १९९८ च्या त्या वाटेची रचना प्रोटीन डेटा बँकेत '१बीएल८' या क्रमांकाने सर्वांना फुकट खुली आहे, आणि ती फिरवून बघायची साधनंही फुकट आहेत. प्राणिशास्त्राच्या वर्गात असाल, तर भौतिकशास्त्राच्या वर्गातला कुणीतरी शेजारी बसवून ती उघडा. भौतिकशास्त्रात असाल, तर उलट करा. पोटॅशियम त्या वाटेतून पाण्यासह जातो की पाण्यावाचून, हे अजून ठरायचं आहे.